अर्जातील दहा रकाने

अमेरिकेतील एक हजाराहून अधिक महाविद्यालये व विद्यापीठे ज्या एका सामायिक अर्जाद्वारे प्रवेशाचा विचार करतात, त्या ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’मध्ये अभ्यासेतर उपक्रमांसाठी दहा रकाने असतात. प्रत्येक रकान्यात उपक्रमाचा प्रकार, त्यातील आपले पद, संस्थेचे नाव आणि जेमतेम दीडशे अक्षरांत केलेल्या कामाचे वर्णन द्यावयाचे असते. त्यासोबत दोन आकडे विचारलेले असतात : आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे. अखेरीस विद्यार्थ्याने आपल्या नावानिशी ग्वाही द्यावयाची, की वरील मजकूर माझा स्वतःचा आहे आणि तो खरा आहे.

आपल्या सांगली-सातारा भागातील घरांना हा प्रकार नवा आहे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात जावयाचे तर प्रवेश परीक्षेतील गुणांवर यादी लागते. मुलगा तबला वाजवतो की वडिलांच्या पेढीवर बसतो, हे तेथे कोणी विचारीत नाही. दहावीला चित्रकलेचे वाढीव गुण मिळतात, पण त्यासाठी इंटरमिजिएट परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ गुण. परीक्षा शासनाचे कला संचालनालय घेते, त्यामुळे तेथे शब्दांच्या फुलोऱ्याला फारसा वाव नाही. परदेशी विद्यापीठे आणि अलीकडे आपल्याकडची काही खासगी विद्यापीठे मात्र मुलाला ‘तू गुणांखेरीज काय आहेस?’ असे विचारू लागली आहेत. प्रश्न उत्तम आहे. त्याचे उत्तर मुलाऐवजी घरातील मोठी माणसे आणि सल्ला देणाऱ्या पेढ्या मिळून लिहू लागल्या, तेथून अडचण सुरू झाली.

माझी उभी हयात बँकेत गेली. कर्जाचा अर्ज आणि प्रवेशाचा अर्ज यांत मला फारसा भेद दिसत नाही. दोन्हींत एक अनोळखी माणूस आपल्या कागदावर विश्वास ठेवून काहीतरी मोलाचे देऊ करतो. व्यापाऱ्याला कॅश क्रेडिट दिले की तो दरमहा मालाचे पत्रक, ज्याला आम्ही ‘स्टॉक स्टेटमेंट’ म्हणतो, ते बँकेत देतो. त्यातील मालाच्या किमतीतून देणी आणि मार्जिन वजा करून त्याला किती रक्कम उचलता येईल हे ठरते. बँकेला रोज गोदामात जाऊन पोती मोजता येत नाहीत. सारा कारभार पत्रकाच्या खरेपणावर चालतो. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठविण्याची पेवे प्रसिद्ध होती. जमिनीखालचे पेव उघडल्याशिवाय आत काय आहे आणि किती आहे, हे वरून कळत नाही. व्यापार तरीही चालत असे, कारण पेवाच्या मालकाच्या शब्दाला किंमत होती.

गोदाम तपासायला गेले की पुढच्या थरातील पोती भरलेली आणि मागच्या थरात भुसा, असा अनुभव बँकेत काम केलेल्या बहुतेकांना एकदा तरी येतो. मला त्यातून एक गोष्ट पक्की कळली. खोटे पत्रक देणारा माणूस सहसा एकदम खोटे देत नाही. पहिल्या महिन्यात तो येऊ घातलेला माल आलेला दाखवतो. दुसऱ्या महिन्यात विकलेला माल अजून शिल्लक दाखवतो. तिसऱ्या महिन्यात त्याला स्वतःलाच आपल्या गोदामात नेमके काय आहे हे सांगता येत नाही. या तिसऱ्या अवस्थेचे मला मुलांच्या बाबतीत अधिक भय वाटते.

२०२४ च्या सप्टेंबरात सांगलीतील एका परिचित कुटुंबाने मला असाच एक अर्ज पाहण्यासाठी बोलावले. तीन पिढ्यांचा हळदीचा व्यापार, गावभागात राहते घर, घराखालीच दुकान. मुलगा बारावीत. वडिलांनी छापील प्रत माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “काका, तुम्ही आयुष्यभर अर्जच तपासलेत. जरा नजर टाका.”

दहाच्या दहा रकाने भरलेले होते. मुलगा एका पर्यावरण चळवळीचा संस्थापक-अध्यक्ष होता, एका वाचनालयाचा प्रवर्तक होता, वादविवाद मंडळाचा कर्णधार होता. सवयीने मी उजवीकडच्या आकड्यांची बेरीज केली. आठवड्याला ६१ तास भरले. आठवड्यात तास १६८. शाळा-महाविद्यालयाचे ३६, शिकवणीचे १८ आणि रोज सात तास झोप धरली तर ४९, असे १०३ तास गेले. उरले ६५. जेवणखाण, स्नान, जाणे-येणे यांना रोजचे तीन तास म्हणजे २१ वजा केले की हाती राहतात ४४. हिशेबाचा ताळा १७ तासांनी चुकत होता, आणि त्यात मुलाने कधी मित्रांशी गप्पा माराव्यात यासाठी एक मिनिटही ठेवलेले नव्हते. प्रवेश समितीत बसणारी माणसे असे अर्ज हजारोंनी वाचतात. त्यांना ही बेरीज येत नसेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

तथापि माझी नजर अडली ती चौथ्या रकान्यावर. ‘२०२१ च्या महापुरात ५०० कुटुंबांसाठी मदतकार्याचे नेतृत्व’. त्या वेळी मुलगा नववीत होता.

मी त्याला विचारले, “पुरात तू कुठे होतास, बाळ?”

त्याने आधी वडिलांकडे पाहिले. मग म्हणाला, “आजोबा, आम्हीच पुरात होतो. दुकानात पाणी शिरलं होतं. आम्ही विश्रामबागेत मावशीकडे गेलो. पाणी उतरल्यावर बारा दिवस मी आणि बाबा गाळ काढत होतो.”

“आणखी काय केलंस?”

“पणजोबांच्या वेळच्या कीर्दी भिजल्या होत्या. त्या गच्चीवर एकेक पान सुटं करून वाळवल्या. जी शाई पुसत चालली होती, ती पानं आधी फोनवर टिपून ठेवली. नंतर दुकानाचा सगळा हिशेब संगणकावर घेतला. अजून रविवारी तेच काम करतो.”

“हे अर्जात कुठे आहे?”

“ते घरचं काम आहे ना, आजोबा. त्याचं प्रमाणपत्र नाही.”

वाचकहो, या एका वाक्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. त्या घरात एक खरी, दुर्मीळ, कष्टाची गोष्ट घडली होती. एका चौदा वर्षांच्या मुलाने आपल्या घराण्याच्या व्यापाराची कागदपत्रे चिखलातून वाचवली होती. आणि ती खोडून तिच्या जागी दुसऱ्या कोणाचेही म्हणून खपेल असे एक पोकळ वाक्य लिहिले गेले होते. खोट्या नोंदीने इतर उमेदवारांवर अन्याय होतो, हे खरेच. पण त्याआधी ती स्वतःच्याच खऱ्या नोंदीवर काट मारते. ‘तू जे केलेस ते पुरेसे नाही’ असे त्या मुलाला सांगितले गेले होते, आणि सांगणारी माणसे त्याच्यावर जिवापाड प्रेम करणारी होती.

गंमत अशी, की ज्या अर्जासाठी हा सारा खटाटोप चालला होता, त्याच अर्जातील उपक्रमांच्या प्रकारांत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ आणि ‘सवेतन काम’ असे दोन स्वतंत्र प्रकार दिलेले आहेत. धाकट्या भावंडांना सांभाळणे, आजारी आजीचे करणे, घरच्या दुकानात बसणे, हे सारे तेथे अधिकृतपणे लिहिता येते. सल्लागाराने ते सांगितले नव्हते, कारण त्यात त्याला काही रचावे लागले नसते.

मुलाच्या आईचे म्हणणे निराळे होते, आणि ते मी येथे प्रामाणिकपणे नोंदवतो. त्या म्हणाल्या, “काका, तुमचं पटतं. पण सगळेच असं लिहितात. आमच्या एकट्याच्याच मुलाने खरं लिहायचं आणि मागं पडायचं का?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बँकेतही प्रामाणिक कर्जदार मला हेच विचारीत, की शेजारचा फुगवून पत्रक देतो आणि त्याला जास्त मर्यादा मिळते, मग मी काय करू? मी त्यांना एवढेच सांगत असे, की फुगवलेली मर्यादा फेडायची असते खऱ्या मालातून. महाविद्यालयातही तसेच होते. ‘संस्थापक-अध्यक्ष’ म्हणून गेलेल्या मुलाला तेथे पहिल्याच महिन्यात कोणी विचारले, की तुझी संस्था कशी उभी केलीस, तर चार वर्षे तो त्या एका प्रश्नाला चुकवीत फिरणार.

अखेर अर्ज सात नोंदींचा गेला. तीन रकाने कोरे राहिले. त्या कोऱ्या रकान्यांकडे पाहून वडिलांना झालेला त्रास मला दिसत होता. व्यापाऱ्याला रिकामे कप्पे सोसत नाहीत. चौथ्या रकान्यात गाळ आणि कीर्दी आल्या. पर्यावरण चळवळीच्या ठिकाणी ‘आयर्विन पुलाजवळ दोनदा घाट स्वच्छ केला, १५ मित्र’ एवढेच राहिले. पुढे पाच विद्यापीठांपैकी दोहोंतून होकार आला. मनात पहिले होते तेथून नकार आला. “ते लिहिलं असतं तर आलं असतं का हो?” असे मुलाच्या आईने मला एकदा विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

खोट्याची इमारत किती उंच जाऊ शकते याचे उदाहरण अमेरिकेनेच मार्च २०१९ मध्ये पाहिले. विल्यम सिंगर नावाच्या सल्लागाराने धनिकांच्या मुलांना खेळाडू म्हणून नामांकित विद्यापीठांत घुसविले होते. ज्यांनी कधी वल्हे हाती धरले नाही त्यांची नौकानयनपटू म्हणून छायाचित्रे तयार झाली. दुसऱ्या खेळाडूच्या धडावर मुलाचा चेहरा बसवला गेला. प्रशिक्षकांना पैसे पोचले. पन्नास जणांवर आरोप ठेवले गेले, नामवंत अभिनेत्री तुरुंगात जाऊन आल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्या प्रकरणातील काही मुलांना आपल्या अर्जात काय लिहिले आहे याचा पत्ताही नव्हता. आई-बापांनी परस्पर व्यवहार केला होता.

ब्रिटनमधील एक किस्सा याहून हलकाफुलका, पण बोलका आहे. २००७ मध्ये तेथील प्रवेश यंत्रणेने विद्यार्थ्यांची स्वकथने संगणकावर ताडून पाहिली. तेव्हा २३४ अर्जदारांनी, आपण आठ वर्षांचे असताना रसायनांचा प्रयोग करताना पायजम्याला भोक पडले आणि तेव्हापासून विज्ञानाची गोडी लागली, असे लिहिल्याचे आढळले. इतके पायजमे एकाच रीतीने जळणे संभवत नाही. कोणा एकाचा पायजमा खरोखर जळाला असेल. बाकीच्यांनी त्याची आठवण उसनी घेतली.

आपल्याकडे ही लबाडी नाही असे म्हणायची सोय नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. ट्रॅम्पोलिन या खेळाची बनावट प्रमाणपत्रे दाखवून त्या जागा मिळविल्याचे प्रकरण काही वर्षांपूर्वी राज्यभर गाजले. हा केवळ शासनाची फसवणूक होण्याचा प्रश्न नाही. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर दुष्काळी मुलखातून धावत निघाली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत उतरली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीची जगज्जेती झाली, तेव्हा ती अवघी सतरा वर्षांची होती. अशा एका मुलीच्या मागे जिल्हा पातळीवर धडपडणाऱ्या शंभर मुली असतात. बनावट प्रमाणपत्र त्या शंभरांतील कोणाची तरी जागा घेते, आणि जिची जागा गेली तिला ते कधी कळतही नाही.

साताऱ्याचे नाव निघाले की मला कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. जन्म कुंभोजचा, घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे, कर्मभूमी सातारा. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. आपण त्यांच्या जयंतीला वसतिगृहांविषयी आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेविषयी बोलतो. पण त्यापूर्वीची एक हकिकत आपल्या मुलांना फारशी सांगत नाही. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी, असा दबाव आला. तरुण वय, हाती काही नाही, समोर पोलिसांची सत्ता. एका खोट्या जबाबाने सुटका होत होती. त्यांनी कोठडी आणि छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही.

त्याच माणसाने पुढे उभ्या केलेल्या वसतिगृहांत मुले शेतात राबत, स्वयंपाक करीत, दगडमाती वाहत आणि शिकत. ती मुले आजचा अर्ज भरायला बसली असती तर त्यांनी काय लिहिले असते, असा विचार मी अनेकदा करतो. पद : काही नाही. संस्था : बोर्डिंग. काम : विहीर खणणे, भाकरी भाजणे. अभ्यासेतर कामाची इतकी भक्कम नोंद जगातील कोणत्याही विद्यापीठाला क्वचितच मिळाली असती. श्रमाला प्रतिष्ठा देण्याची ही परंपरा आपल्याच दोन जिल्ह्यांत रुजलेली असताना आपली मुले घरच्या कामाची लाज बाळगून न केलेल्या नेतृत्वाचा आधार शोधतात, हे मला चमत्कारिक वाटते.

सांगली तर नाट्यपंढरी. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी येथे ‘सीता स्वयंवर’ रंगविले. नाटक करणाऱ्या गावाला हे ठाऊक असते, की पडदा ओढणारा चुकला तर नायकाचेही काही चालत नाही. मग शाळेच्या नाटकात पडदा ओढणाऱ्या मुलाने ‘दिग्दर्शक’ असे का लिहावे? ‘तीन वर्षे पडदा आणि दिवे सांभाळले’ हे वाक्य ऐकायलाही अधिक गोड आहे.

आपल्या शास्त्रकारांनी या विषयाला एक नेमका शब्द दिलेला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील एक ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटे लेख तयार करणे. (‘न्यासापहार’, म्हणजे कोणाची ठेव बुडविणे, हाही त्याच पाचांत आहे, बँकवाल्यांचीही सोय शास्त्रकारांनी करून ठेवली आहे!) तोंडाने खोटे बोलण्याहून वेगळा असा लेखी खोटेपणा त्यांनी आवर्जून निराळा काढला. व्यापारी समाजाला कागदाचे सामर्थ्य किती असते हे चांगलेच ठाऊक होते. अतिचार म्हणजे व्रताचा संपूर्ण भंग नव्हे, व्रताला लागलेला डाग. दोनदा केलेली सफाई ‘चळवळ’ म्हणून लिहिणे हा बहुधा असाच डाग असतो. तो इतका लहान असतो की धुण्याची गरजच वाटत नाही.

येथे मला एक अप्रिय गोष्ट लिहिली पाहिजे. मुलाच्या अर्जातील खोट्याला पुरावा कोठून मिळतो? पुष्कळदा तुमच्या-माझ्यासारख्यांच्या सहीतून. युवक मंडळे, महिला मंडळे, विश्वस्त संस्था शिबिरे भरवतात आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रांचा गठ्ठा वाटतात. जो पाच दिवस वाढप करीत होता त्यालाही तेच प्रमाणपत्र आणि जो समारोपाला गाडीतून उतरला त्यालाही तेच. “साहेब, मुलाच्या अर्जाला लागतंय, मागची तारीख टाकून एक द्या ना,” ही विनंती मंडळाच्या कोणत्याही कार्यवाहाला परिचयाची असेल. नकार दिला तर संबंध बिघडतात, म्हणून सही होते. मागच्या तारखेची सही बँकेत केली असती तर आमची नोकरी गेली असती. समाजकार्यात तिला सहकार्य म्हणतात.

राष्ट्रीय सेवा योजनेची रीत यासाठी पाहण्यासारखी आहे. १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करायचे असते. तेथेही पळवाटा काढणारे असतील. पण निदान मोजमाप ठरलेले आहे आणि ते तासांत आहे. नव्या शैक्षणिक धोरणात सहशालेय कामालाही श्रेयांक मिळू लागले आहेत आणि ते साठविण्यासाठी चक्क ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ स्थापन झाली आहे. नावात बँक आली की माझे कान टवकारतात. जमा नोंदीमागे पावती हवी, एवढा साधा नियम तेथेही लागू पडावा.

आपल्या मंडळांना हे अवघड नाही. शिबिराला एक बांधीव हजेरीवही ठेवावी, सुटे कागद नकोत. तीत मुलाने रोज येताना आणि जाताना स्वतः सही करावी व वेळ लिहावी. प्रमाणपत्रावर अनुक्रमांक असावा आणि ‘उत्कृष्ट सहभाग’ या छापील शब्दांऐवजी काय काम केले, किती दिवस केले, किती तास केले, हे हाताने लिहावे : पाणी भरले, चार दिवस, बारा तास. सही दोघांची असावी, एक कार्यवाहाची आणि एक ज्याने ते काम प्रत्यक्ष पाहिले त्याची. स्थळप्रत मंडळाकडे राहावी. वही निदान आठ वर्षे जपून ठेवावी, म्हणजे उद्या एखाद्या विद्यापीठाने पत्र पाठवून विचारलेच, तर कपाट उघडून पान दाखवता येईल. सांगली-साताऱ्यातील ज्या मंडळांना अशा वहीचा नमुना हवा असेल त्यांनी या मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. रकाने मी आखून देईन. भरायचे मात्र मुलांनी.